खात्यात पडलेले 1,500 रुपये घरात काय करतात?

"लाडक्या बहिणीचे पैसे सुरू झाले आणि बायका कामाला यायच्या बंद झाल्या." मंचरच्या बाजार समितीत, शिरूरकडच्या बागायतदारांच्या ओट्यावर, पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येतं. ऐकणारे मान डोलावतात, कारण हंगामात मजूर मिळत नाहीत हे खरंच आहे. पण जरा हिशेब करू. महिन्याला 1,500 म्हणजे दिवसाला 50 रुपये. पुण्यात तेवढ्यात दोन वडापाव येतात. कांदा काढणीच्या दिवसांत बाईचा रोज तीनशेच्या पुढे असतो. घरबसल्या पन्नास मिळतात म्हणून तीनशेवर पाणी सोडणारी बाई मला अजून भेटलेली नाही. गरिबाला हिशेब येत नाही असं मानणारी माणसं मात्र रोज भेटतात.

मग या पैशाने नेमकं काय होतं? ते समजायचं तर आधी योजनांच्या नावांचा गुंता थोडा सोडवू.

थेट लाभ हस्तांतरण, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं डीबीटी, याचा अर्थ एवढाच की सरकार वस्तू न देता रक्कमच माणसाच्या बँक खात्यात टाकतं. पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात आज अशा चार-पाच योजनांचे पैसे येत असतात. पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये, तीन हप्त्यांत, 2019 पासून. त्यावर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी 6,000, 2023 पासून. निराधार, विधवा, दिव्यांग यांच्यासाठी 1980 पासून चालत आलेली संजय गांधी निराधार योजना आणि म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ. या दोन्हींची रक्कम 2023 मध्ये महिना 1,500 झाली. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे 5,000. आणि 2024 पासून सगळ्यांत गाजलेली माझी लाडकी बहीण: वय 21 ते 65, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिना 1,500. तिचा शुभारंभ 17 ऑगस्ट 2024 ला आपल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलातच झाला होता. जुलै-ऑगस्टचे मिळून 3,000 रुपये तेव्हा बायकांच्या खात्यात पडले.

आता घराकडे येऊ.

गरिबी म्हणजे कमी पैसे, ही व्याख्या अर्धीच झाली. गरिबाचे पैसे कमी असतात आणि वर बेभरवशाचेही असतात. यातला दुसरा जाच बाहेरून दिसत नाही. आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या डोंगराकडे जाणाऱ्या पट्ट्यातलं एखादं महादेव कोळी आदिवासींचं घर डोळ्यांपुढे आणा. जुलैत भाताची लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि झोडणी. तो भात बहुतेक घरीच खायला. मग घरातली धडधाकट माणसं नारायणगाव, ओतूर, मंचरच्या बागायती पट्ट्यात उतरतात. कांदा लावायचा, खुरपायचा, काढायचा, पुढे टोमॅटो तोडायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला रानात हिरडा. या काही महिन्यांत हातात रोख खेळते. आणि मग आखाड लागतो. पाऊस असा की दाराबाहेर पाय टाकवत नाही. लावणी उरकली की मजुरी संपली. गेल्या साली भरून ठेवलेला तांदूळ तळाला गेलेला, शाळा नुकती सुरू झालेली, वह्या-दप्तराचं मागणं चालू, आणि पोरं नेमकी त्याच दिवसांत तापाने फणफणतात.

वर्षाची बेरीज मांडली तर हे घर कसंबसं चालतं. पण चूल बेरजेवर पेटत नाही, ती रोज पेटवावी लागते. मधला खड्डा मग उधारीने भरायचा. गावातला दुकानदार तेल, साखर, चहापत्ती वहीवर देतो, भाव त्याचा. कित्येकदा अलिखित बोली अशी असते की उन्हाळ्यात हिरडा त्यालाच घालायचा, तोही त्याच्या भावाने. म्हणजे आखाडात घेतलेल्या गोडेतेलाची किंमत चैत्रातल्या हिरड्यातून दोनदा वसूल होते. यात दुकानदार राक्षस असतो असं मुळीच नाही. त्याचेही पैसे अडकलेले असतात, त्यालाही मंचरच्या ठोक व्यापाऱ्याला तोंड द्यायचं असतं. पण व्यवहाराचा काटा कुणाच्या बाजूने झुकतो ते उघड आहे.

दर महिन्याला नक्की येणारे 1,500 रुपये अशा घरात सगळ्यांत आधी या उधारीला हात घालतात. उधारी घटली की हिरडा कुणाला घालायचा हे ठरवायची मोकळीक येते. पाच-दहा रुपयांच्या पुड्या आणण्याऐवजी किलोचं पुडकं आणता येतं, ते स्वस्त पडतं. पोराचा ताप दुसऱ्या दिवशी दाखवला तर शंभर-दोनशेत भागतो. पाचव्या दिवशी दाखवला तर सलाइन लागतं, मंचरला ॲडमिट करावं लागतं, आणि मग कुणाच्या तरी दारात हात पसरावा लागतो. रक्कम छोटीच असते. पण ती वेळेवर हाताशी असली की पुढचा मोठा खर्च टळतो.

इंदापूर-बारामतीकडे कालव्याखाली शेती करणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. आवर्तन कोणत्या तारखेला सुटणार हे पक्कं ठाऊक असेल तर तो कमी पाण्यातही पीक बसवतो. तारखेचा पत्ता नसेल तर भरलेलं धरण असूनही तो ज्वारी पेरावी की रान मोकळं ठेवावं या विचारात बसतो. रोख मदतीचं तंतोतंत असंच आहे, आणि माझं म्हणणं या लेखात मुख्यतः एवढंच आहे: किती रुपये यावर आपण भांडतो, पण घर बदलतं ते पैसे कधी येतात, कुणाच्या हातात पडतात आणि ते हातात यायला किती पायपीट करावी लागते यावर.

कामचुकारपणाचा आरोप मात्र एका वाक्यात झटकून टाकण्यासारखा नाही, कारण जगभर हीच शंका घेतली जाते आणि म्हणून ती तपासलीही गेली आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात रोख योजनांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. ज्यांना पैसे मिळाले आणि ज्यांना मिळाले नाहीत अशा गटांची तुलना त्यात होती. 2017 साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की पैसे मिळाल्याने लोक काम कमी करतात याचा ठोस पुरावा सापडत नाही. आपल्या जवळचं उदाहरण मध्य प्रदेशातलं. तिथे 2011-12 मध्ये सेवा या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने इंदूरजवळच्या आठ गावांत आणि वेगळ्या एका आदिवासी गावात दर माणसाला दरमहा रोख दिली, सुरुवातीला मोठ्यांना 200 आणि लहानांना 100 रुपये. अट काही नाही. लोकांनी त्यातून बियाणं घेतलं, शेळ्या-कोंबड्या घेतल्या, आणि दुसऱ्याच्या शेतावर राबणारे काहीजण स्वतःच्या तुकड्याकडे जास्त लक्ष द्यायला लागले.

इथे थोडं थांबायला हवं. दुसऱ्याच्या शेतावर जाणं कमी झालं आणि स्वतःच्या रानात राबणं वाढलं, तर मोठ्या शेतकऱ्याला काय दिसणार? मजूर येत नाही, एवढंच. म्हणून मंचरच्या बागायतदाराची तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. ज्या बाईची चूल कालपर्यंत आजच्या रोजावर पेटत होती ती ताप अंगावर काढून, मिळेल त्या दराने, मिळेल त्या टेम्पोत दाटीवाटीने बसून जायची. आता ती एखाद्या दिवशी "आज नाय जमणार" म्हणू शकते. ते ऐकायची सवय नसलेल्याला हा आळस वाटला तर नवल नाही. नाही म्हणायची ताकद दिवसाला पन्नास रुपयांतही थोडीशी येते.

आणि काही वेळा काम कमी होणं हाच तर हेतू असायला हवा. केनियाच्या पश्चिमेला सियाया नावाच्या परगण्यात गिव्हडायरेक्टली या संस्थेने सुमारे 10,500 गरीब कुटुंबांना प्रत्येकी 1,000 डॉलरच्या आसपास रक्कम दिली, कसलीही अट न घालता, मोबाइलवरून. गावं 653. कोणत्या गावाला द्यायचे हे सोडतीने ठरलं, त्यामुळे तुलना चोख झाली. या गावांच्या नोंदींवरून 2025 मध्ये पुढे आलेला निष्कर्ष थक्क करणारा आहे: पैसे मिळालेल्या घरांत एक वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. डॉक्टर असलेला दवाखाना जवळ होता तिथे हा परिणाम जास्त दिसला. एक कारण असं की बाळंतपणाच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत आयांनी अंगमेहनतीचं काम खूप कमी केलं. आपल्याकडे ऊसतोड करणारी बाई नवव्या महिन्यातही मोळी उचलते, कारण कोयता थांबला तर हिशेबात खाडा धरला जातो. तिने घरी बसावं, यासाठी कुणी पैसे दिले तर त्याला कामचुकारपणा म्हणायचं का?

दारूबद्दल थोडक्यात. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा या अर्थतज्ज्ञांनी अशा 19 अभ्यासांचा आढावा घेतला. रोख मदतीमुळे सरासरीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांना आढळलं नाही. मध्य प्रदेशातही तेच. कुणीच पीत नाही असा याचा अर्थ नव्हे. पिणारा आधीही उधारीवर पीतच होता. बाकी, महिन्याच्या एक तारखेला पुण्यातल्या वाइन शॉपपुढे कुणाच्या पगाराची रांग लागते याचा अभ्यास करायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता पैसा खात्यापर्यंत आणि खात्यातून हातापर्यंत कसा येतो ते पाहू. खरी गोम इथेच आहे.

दिल्लीहून निघालेल्या रुपयातले 15 पैसेच गरिबापर्यंत पोचतात, असं राजीव गांधी 1985 साली म्हणाले होते. मधली गळती बंद करायला म्हणून पुढे तीन गोष्टी जुळवल्या गेल्या. आधार आलं, देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. जनधन खाती 2014 पासून. आणि मोबाइल. अर्ज मंजूर झाला की लाभार्थ्यांची यादी कोषागाराच्या यंत्रणेत जाते. पैसे पाठवताना खाते क्रमांकाऐवजी आधार क्रमांकच पत्ता म्हणून वापरला जातो. कोणत्या आधारला कोणती बँक जोडलेली आहे याची एक देशव्यापी नोंदवही आहे; ती पाहून पैसे त्या बँकेत जातात. ऐकायला सुटसुटीत वाटतं. पण या नोंदवहीत एका माणसापुढे एकच बँक असते, आणि ती असते शेवटी जोडलेली बँक.

समजा एका बाईने वर्षापूर्वी बाजारात मांडव टाकून बसलेल्या कुणाकडे तरी "मावशी, फक्त अंगठा द्या, खातं फुकट आहे" म्हटल्यावर अंगठा दिला. ती ते विसरूनही गेली. पण नोंदवही विसरत नाही. तिचे पैसे आता त्या दुसऱ्या खात्यात पडतात आणि ती पासबुक घेऊन जुन्या बँकेच्या काउंटरवर उभी राहते. "तुमचं डीबीटी दुसरीकडे आहे" हे वाक्य तिला कळत नाही, आणि दुसरीकडे म्हणजे कुठे हे सांगायला काउंटरवरच्याला वेळ नसतो. पैसे चोरीला गेलेले नाहीत. सरकारच्या दफ्तरी ते पोचलेले आहेत. फक्त तिच्या हातात नाहीत.

खात्यात आले तरी पुढचा टप्पा राहतोच. डोंगरपट्ट्यात एटीएम लांब, आणि असलं तरी त्यात पैसे असतीलच असं नाही. म्हणून बँक मित्र, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच पैसे काढून देणारा माणूस. जुन्नरकडच्या एका बाजाराच्या गावात मोबाइल रिचार्जच्या दुकानात असाच एक बँक मित्र बसतो. टेबलावर लॅपटॉप, शेजारी लाल उजेड टाकणारं अंगठ्याचं यंत्र, एक फाटकी वही. एका म्हातारीने अंगठा ठेवला. यंत्राने नकार दिला. "दुसरं बोट ठेवा, मावशी." तेही नाही. कांदा कापून, खुरपं धरून बोटांच्या रेघा झिजलेल्या. तिने पदराने बोट पुसलं, मग त्याने दिलेल्या ओल्या फडक्याने पुसलं, तिसरं बोट दाबून धरलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली तसा तो म्हणाला, "हप्ता पडलाय. किती काढू?" तिने आधी शेजारणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हजार काढ." दोन नोटा मिळाल्या. वीस रुपये त्याने मागितले नाहीत, तिनेच टेबलावर ठेवले. तिथला तो रिवाज आहे. पावती मागितली नाही. वाचता येत नाही त्याला पावतीचा काय उपयोग, हा तिचा हिशेब, आणि पावती नसली की खात्यात नेमकं किती उरलं हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं, ही त्यातली मेख.

तिच्या दिवसाची बेरीज करून बघा. जीपचं जाण्यायेण्याचं भाडं ऐंशी धरा. बँक मित्राचे वीस. मजुरीचा दिवस असेल तर तीनशे रुपये रोज बुडाला. चारशे झाले. पंधराशेतले चारशे वाटेतच गेले, आणि तेही एका खेपेत पैसे मिळाले तर. "सर्व्हर डाउन आहे, परवा या" म्हटलं तर आणखी एक दिवस. 85 पैशांची गळती बंद झाली म्हणताना हा खर्च कुठल्याच खात्यावर दिसत नाही, कारण तो सरकारचा होत नाही, तिचा होतो. म्हणून शहाण्या बायका हप्ता आला की धावत सुटत नाहीत. आठवडे बाजाराच्या दिवशी एका जीपमध्ये बसून तेल-मीठ, दवाखाना आणि पैसे अशी तिन्ही कामं उरकतात.

आता पैसे कुणाच्या हातात पडतात ते पाहू. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपताना काळ्या म्हाताऱ्यांचं पेन्शन चांगलंच वाढवलं गेलं. अर्थतज्ज्ञ एस्तेर डुफ्लो यांनी त्या घरांतली नातवंडं मोजली. पेन्शन आजीला मिळत असेल तर घरातल्या नातींचं वजन-उंचीचं मान सुधारलेलं दिसलं. आजोबांना मिळत असेल तर असा फरक दिसला नाही. पैसा तोच, घर तसंच, फक्त हात वेगळा. पुण्याच्या कुठल्याही आजीला हे सांगा, ती म्हणेल यात शोध कसला लागला.

लाडकी बहीणचे पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, आणि खूप जणींनी ते खातं त्यासाठीच पहिल्यांदा चालू केलं किंवा झोपलेलं उठवलं. त्याचा परिणाम छोट्या छोट्या गोष्टींत दिसतो. चष्म्याचा नंबर तपासायचा, पोरीला सहलीला पाठवायचं, माहेरी जाऊन यायचं. एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. उरलेलं अर्धं आता नवऱ्याकडे मागावं लागत नाही. अशी घरंही आहेत जिथे हप्ता पडला की एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं. खातं बाईचं आणि पिन दुसऱ्याला पाठ, हा प्रकार कुठलीही योजना एका फटक्यात मोडू शकत नाही.

दर महिन्याला थोडे द्यावेत की एकदम मोठी रक्कम, यावरही केनियात तुलना झाली. महिन्याच्या महिन्याला मिळालेल्यांच्या घरात खाण्यापिण्याची ददात कमी झाली. एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या, आणि पुष्कळांनी एकच गोष्ट केली: गवताचं छप्पर काढून पत्रे टाकले. मुळशी-मावळातल्या कातकरी वाडीत राहणाऱ्याला यात काही विचित्र वाटणार नाही. गवती छप्पर दर एक-दोन वर्षांनी शाकारावं लागतं, त्यात पैसा आणि दिवस दोन्ही जातात. पत्रे एकदाच महाग पडतात. गरिबाकडे ते "एकदाच" कधी जमत नाही.

आपल्या बायकांनी यावर जुनाच तोडगा लावलाय. दहा जणींची भिशी, प्रत्येकीचे 500, दर महिन्याला एकीला 5,000. सरकारने महिन्याला दिलेलं त्या आपापसांत एकरकमी करून घेतात. त्यातून शेळी येते, शिलाई मशीन येतं, बचत गटाचा थकलेला हप्ता फिटतो. या भिशीचा कणा पुन्हा तारीख आहे. हप्ता दोन महिने रखडला की सगळी साखळी तुटते आणि ज्या बाईचा नंबर असतो तिच्या वाट्याला फक्त भांडण येतं. लाडकी बहीणचे हप्ते कधी दोन एकत्र आले, कधी सणाच्या मुहूर्तासाठी थांबले. 2024 च्या विधानसभा निवडणुकीआधी तर नोव्हेंबरचा हप्ता ऑक्टोबरमध्येच आगाऊ पडला. त्यामुळे गावागावांत "पैसं पडलं का गं?" हा विचारपूस करायचा नवा प्रकार झालाय.

मात्र काही ठिकाणी 1,500 रुपये फारसं काही करू शकत नाहीत, हेही सांगायला हवं. दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या बारामती, इंदापूर, दौंड, शिरूरच्या फडात येतात. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एका कोयत्याला म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला पन्नास हजार, लाख. लग्न, आजारपण, जुनं कर्ज यांत ती आधीच संपलेली असते. वर्षाचे 18,000 त्या उचलीला पुरे पडत नाहीत, आणि ते एकदम मिळतही नाहीत. तिथे स्वस्त, वेळेवर मिळणारं कर्ज आणि मजुरीचे दर हा वेगळाच झगडा आहे. तसंच, रोख रक्कम डॉक्टर आणून बसवत नाही. केनियात बाळं वाचली ती जवळ दवाखाना होता तिथे जास्त. प्राथमिक आरोग्य केंद्राला कुलूप असेल तर हातातले पैसे खासगी डॉक्टरच्या गल्ल्यात जातात.

महागाई वाढते का, हा प्रश्न सुशिक्षितांना फार सतावतो. केनियातल्या त्या सियायात एवढी रोकड ओतूनही भाव सरासरी 0.1 टक्क्याच्या आसपासच हलले. उलट दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या भागातली उलाढाल सुमारे अडीच डॉलरने वाढली, कारण पैसे जवळच्याच दुकानात, सुताराकडे, बाजारात फिरले. ज्यांना मदत मिळाली नव्हती त्यांचाही धंदा वाढला.

याहून अवघड प्रश्न धान्याऐवजी रोख द्यावी का, हा. माझं मत: सरसकट नको. झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी तालुक्यात 2017 मध्ये रेशनचा तांदूळ रुपयाला किलो मिळायचा बंद करून पैसे खात्यात द्यायला सुरुवात झाली. लोकांनी आधी बँकेतून पैसे काढायचे, मग रेशन दुकानात किलोला 32 रुपये मोजायचे. बँक एका टोकाला, दुकान दुसऱ्या टोकाला. पाहणीत 97 टक्के लोकांनी जुनीच पद्धत बरी म्हटलं आणि 2018 मध्ये प्रयोग गुंडाळावा लागला. आपल्याकडे 2023 मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये देण्याचा निर्णय झाला. एका माणसाचं पाच किलो धान्य बाजारात 150 मध्ये येतं का, हे किराणा भरणाऱ्याने स्वतःच ठरवावं. धान्याचा भाव वाढला तरी पोतं तेवढंच राहतं. रोख रक्कम मात्र शासन निर्णयात लिहिली त्या दिवसापासून झिजायला लागते.

तिजोरीकडेही डोळेझाक करता येत नाही. 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पात लाडकी बहीणसाठी 36,000 कोटी होते. वर्षाला 18,000 रुपये धरले तर ते दोन कोटी बायकांना पुरतात. निवडणुकीत कबूल केलेले 2,100 द्यायचे तर तेवढ्याच बायकांना 50,400 कोटी लागतील. त्याच वर्षी सामाजिक न्याय खात्याचा पैसा या योजनेकडे वळवल्याबद्दल राज्याच्या एका मंत्र्यानेच जाहीर नाराजी व्यक्त केली. आदिवासी विकासाचा निधीही त्यातून सुटला नव्हता. म्हणजे आंबेगावातल्या त्या घराच्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकल्यासारखं झालं.

मग खर्च आटोक्यात आणायला चाळणी सुरू होते. 2025 मध्ये सुमारे 26 लाख खाती संशयास्पद म्हणून थांबवली गेली. त्यांत चौदा हजारांवर पुरुषही निघाले. त्यांना वगळलं ते योग्यच. पण पाठोपाठ सगळ्यांसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची ऑनलाइन पडताळणी आली, आणि तिच्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. विधवेने, टाकलेल्या बाईने, वडील वारलेल्या बाईने काय भरायचं? आधी धडधाकट घरातल्या बाईला विनाचौकशी पैसे, आणि नंतरच्या गाळणीत अडकायची पाळी मात्र जिला सगळ्यांत गरज आहे तिच्यावर.

चाळणीचा याहून जुना नमुना संजय गांधी निराधार योजनेत आहे. तिची उत्पन्न मर्यादा वर्षानुवर्षं 21,000 रुपये राहिली. वर्षाला, आणि अख्ख्या कुटुंबाची. भागून बघा: दिवसाला 57 रुपये. महिन्यातले सहा दिवस जरी कुणी घरातून कांदा काढायला गेलं तरी ते घर कागदावर निराधार राहत नाही. अर्थात लोक जातातच, आणि दाखला 21,000 च्या आतलाच निघतो. तलाठ्याला ठाऊक असतं, तहसीलला ठाऊक असतं, बाईला तर ठाऊक असतंच. अशा दाखल्याच्या आधारावर पेन्शन घेणारी बाई पुढे हप्ता रखडला म्हणून तहसीलवर मोठ्याने विचारायला जाऊ शकत नाही. तिची फाइल काढली तर काय निघेल याची धास्ती तिला असते. दाखला काढून देणाऱ्या मध्यस्थालाही ते माहीत असतं, आणि म्हणून दर वर्षी हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की ती आधी त्याच्याच दारात जाते.